इंग्रजीचा उच्चार आणि आपला हेल

मराठवाड्यातल्या मराठी माध्यमाच्या शाळेत मूल इंग्रजी शिकते ते बहुतांशी डोळ्यांनी. स्पेलिंग पुन्हा पुन्हा लिहून पाठ केले जाते, शब्दार्थांचे तक्ते वहीत उतरवले जातात, उताऱ्याखालच्या प्रश्नांची उत्तरे त्याच उताऱ्यातून शोधून काढण्याची हातोटी मुले फार लवकर आत्मसात करतात आणि पत्रलेखनाचा नमुना तर त्यांना झोपेतही आठवतो. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासूनच इंग्रजी शिकवली जाते. म्हणजे आज दहावीला बसणाऱ्या मुलाने ही भाषा सलग दहा वर्षे अभ्यासलेली असते. तरीही तेच मूल इंग्रजी बातम्या ऐकू लागले की मिनिटभरात गोंधळून जाते. त्याच बातम्या छापून हातात दिल्या, तर त्यातले निम्म्याहून अधिक शब्द त्याला ओळखता येतात. कानावर पडले तेव्हा मात्र तेच शब्द त्याला परके वाटलेले असतात.

मी उदगीर भागात माध्यमिक शाळेत इंग्रजी शिकवते आणि डोळा व कान यांच्यातले हे अंतर मला रोज दिसते. दहावीला इंग्रजीची लेखी परीक्षा ८० गुणांची असते, उरलेले २० गुण तोंडी आणि अंतर्गत मूल्यमापनाचे असतात. ही तोंडी परीक्षा अनेक ठिकाणी कशी उरकली जाते, हे शिक्षकांना वेगळे सांगायला नको. लेखी परीक्षेत उच्चार तपासला जाऊ शकत नाही, जे तपासले जात नाही ते शिकवले जात नाही, आणि मग उच्चार ही शहरी, कॉन्व्हेंटमध्ये शिकलेल्या मुलांची मिरवायची बाब आहे असा समज पक्का होत जातो. माझा या समजाला विरोध आहे. उच्चाराची खरी गरज आमच्याच मुलांना आहे, आणि ती मिरवण्यासाठी नाही.

त्याआधी दोन गोष्टी वेगळ्या करायला हव्यात, कारण आपल्याकडे त्यांची सतत गल्लत होते. एक आहे हेल आणि दुसरा उच्चार. आमच्या भागातला मुलगा पुण्याला शिकायला जातो तेव्हा तो 'काय करायलास' असे विचारतो, 'पाणी'चे 'पानी' म्हणतो, वाक्याच्या शेवटी त्याचा सूर आपल्या गावच्या पद्धतीने वर जातो. समोरच्याला तो कुठला आहे हे लगेच कळते, कुणी हसतेही; पण त्याचे बोलणे कळले नाही असे होत नाही. हा हेल आहे. हेल म्हणजे माणसाच्या गावाची, घराची, आईच्या बोलण्याची खूण, आणि ती पुसून टाकण्याचे काहीच कारण नाही. उच्चाराची गोष्ट निराळी आहे. उच्चार चुकला तर शब्दच समोरच्यापर्यंत पोहोचत नाही, आणि कधी कधी त्याच्याऐवजी दुसराच शब्द पोहोचतो. इंग्रजी बोलताना आपला मराठी हेल राहिला तर राहू द्यावा. शब्द मात्र पोहोचलाच पाहिजे.

माझा एक माजी विद्यार्थी तंत्रनिकेतनातून पदविका घेऊन वाळूजच्या एका कारखान्यात देखभाल विभागात काम करतो. परदेशातून आणलेल्या यंत्राविषयी त्याला तिकडच्या अभियंत्याशी बोलायचे होते. यंत्राची त्याला उत्तम जाण आहे, इंग्रजी वाचताही चांगले येते. तो 'पॅरामीटर' म्हणत होता, 'मी'वर जोर देऊन, आपण सगळे म्हणतो तसाच. पलीकडून पुन्हा पुन्हा 'सॉरी?' येत राहिले. त्याने आवाज चढवला. त्यासरशी 'मी' आणखी लांबला आणि शब्द आणखी दूर गेला. शेवटी त्याने तो शब्द टाइप करून पाठवला, तेव्हा पलीकडचा गृहस्थ आनंदाने म्हणाला, 'ओह, परॅमिटर्स!' जोर 'रॅ'वर, बाकी सगळे आखूड. त्या संध्याकाळी त्याने मला फोन केला. "मॅडम, शब्द तर बरोबरच होता की. आन् तिकडून ते काय बोलायलेत ते निम्मं कळंना." या दोन वाक्यांत या विषयाच्या दोन्ही बाजू आल्या आहेत: आपले त्यांना कळत नाही, आणि त्यांचे आपल्याला कळत नाही. दोहोंचे मूळ एकच आहे, ते म्हणजे आघात, शब्दातल्या ठरावीक अक्षरावर पडणारा जोर.

मराठीत आघात बदलल्याने शब्दाचा अर्थ बदलत नाही. 'पाऊस' म्हणताना जोर कुठेही दिला तरी पाऊसच पडतो. त्यामुळे शब्दातल्या एखाद्या अक्षरावर जोर असतो आणि तो ठरलेला असतो, ही कल्पनाच आपल्या कानाला नवी आहे. इंग्रजीत मात्र प्रत्येक लांब शब्दाला एक ठळक अक्षर असते. ते जोराने, जरा लांबवून आणि किंचित वरच्या सुरात म्हटले जाते, आणि त्याच्या आजूबाजूची अक्षरे आक्रसतात. इंग्रजी ऐकणारा माणूस शब्द ओळखताना या ठळक अक्षराचा मोठा आधार घेतो. म्हणून सगळे ध्वनी जवळपास बरोबर असूनही जोर भलतीकडे पडला तर शब्द हरवतो. 'फोटोग्राफ'मध्ये जोर पहिल्या अक्षरावर आहे. फोटो काढणारा माणूस आला की जोर दुसऱ्यावर सरकतो आणि शब्द 'फटॉग्रफर' असा होतो. विशेषण केले की तो तिसऱ्यावर जातो, 'फोटोग्रॅफिक'. लिहिताना या तिन्हींचा पूर्वार्ध अक्षर न् अक्षर सारखा आहे, आणि डोळ्यांनी शिकणाऱ्याला हा फरक कधीच दिसत नाही. 'रेकॉर्ड' हा शब्द नाम असेल तर जोर आधी, क्रियापद असेल तर नंतर, आणि तेव्हा तो 'रिकॉर्ड'सारखा ऐकू येतो. 'पोलीस' आणि 'हॉटेल' हे शब्द तर आपण मराठीच मानतो. इंग्रजीत दोन्हींचा जोर दुसऱ्या अक्षरावर आहे. 'डेव्हलपमेंट' हा शासकीय कागदांतून आपल्या अंगवळणी पडलेला शब्द इंग्रजीत 'डिव्हेलप्मन्ट' असा, 'व्हे'वर जोर देऊन म्हणायचा असतो.

कारखान्यात आणि प्रयोगशाळेत काम करणाऱ्या मुलांसाठी मी एक नियम आवर्जून सांगते, कारण तो सोपा आहे आणि त्याचा उपयोग रोज होतो. मोजण्याचे साधन असेल तर जोर साधारणतः 'मीटर'च्या आधीच्या अक्षरावर येतो आणि 'मीटर'चा 'मिटर' होतो: थर्मॉमिटर, बरॉमिटर, स्पिडॉमिटर. परॅमिटर, डायॅमिटर आणि परिमिटर हे शब्दही याच पंक्तीत बसतात. मोजण्याचे एकक असेल तर जोर पहिल्या अक्षरावर आणि 'मीटर' पूर्ण: सेंटिमीटर, मिलिमीटर. किलोमीटर हा शब्द मात्र दोन्ही प्रकारे म्हटला जातो. वाळूजच्या त्या मुलाला मी फोनवर एवढेच सांगितले. पुढच्या वेळी त्याने 'परॅमिटर' म्हटले आणि पलीकडून 'सॉरी' आले नाही.

हे निरीक्षण माझे एकटीचे नाही. हैदराबादला १९५८ साली इंग्रजीच्या अध्यापनासाठी केंद्रीय संस्था स्थापन झाली. आजचे इंग्रजी व विदेशी भाषा विद्यापीठ ते हेच. तिथल्या प्रा. आर. के. बन्सल यांनी साठच्या दशकात भारतीयांचे इंग्रजी इतर देशांतल्या लोकांना कितपत समजते याचा पद्धतशीर अभ्यास केला. न समजण्याची जी मोठी कारणे त्यांना आढळली, त्यांत शब्दातला आघात चुकणे हे ठळक होते. त्याला पन्नासहून अधिक वर्षे झाली. उदगीरहून हैदराबाद पुण्यापेक्षा जवळ आहे, तरीही आमच्या वर्गांत आघात हा शब्द क्वचितच उच्चारला जातो.

आता दुसरी बाजू, ऐकण्याची. ठळक अक्षर ठळक व्हायचे, तर बाकीच्यांना मागे सरावे लागते. इंग्रजीत 'टू', 'ऑफ', 'फॉर', 'अँड', 'कॅन' असे लहान शब्द वाक्यात आले की त्यांचा स्वर जवळजवळ विरघळतो आणि 'ट', 'अव्', 'फ', 'अन्', 'कन्' एवढेच उरते. आपण शाळेत प्रत्येक शब्द सुटा आणि पूर्ण म्हणायला शिकलेलो असतो, म्हणून आपला कान त्या पूर्ण शब्दाची वाट पाहत बसतो. तो येत नाही, आणि तोवर वाक्य पुढे निघून गेलेले असते. बातम्या देणारा माणूस भरभर बोलतो अशी मुलांची तक्रार असते. वेगापेक्षाही या आक्रसलेल्या शब्दांची ओळख नसणे हे तिचे मोठे कारण आहे. आणि इथे गैरसमजही फार सहज होतो. 'आय कॅन कम' हे वाक्य इंग्रजी भाषिक माणूस 'आय कन् कम' असे म्हणतो, जोर 'कम'वर. नकार असेल तेव्हाच 'कान्ट' किंवा अमेरिकेत 'कॅन्ट' हा शब्द पूर्ण आणि ठळक येतो, आणि त्यातला शेवटचा 'ट' बहुधा ऐकूच येत नाही. मग आपला मुलगा आत्मविश्वासाने, 'कॅन'वर भरपूर जोर देऊन 'आय कॅन कम' म्हणतो, आणि समोरचा समजतो की हा येऊ शकत नाही. व्याकरण शंभर टक्के बरोबर असते आणि अर्थ उलटा पोहोचतो.

म्हणूनच उच्चार शिकणे हे आधी कानाचे शिक्षण आहे असे मी मानते. 'कन्' स्वतःच्या तोंडून काढून पाहिलेले मूल दुसऱ्याच्या तोंडचे 'कन्' ओळखते. उच्चाराचा तास घेतला की मुलांची श्रवणाची भीती कमी होते, हे मी वर्गात वारंवार पाहिले आहे.

आपली भाषा इंग्रजीच्या उच्चाराला अडसर ठरते, असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. मला ते पटत नाही. मराठीने इंग्रजी शब्द घेताना त्यांच्यासाठी लिपीत जागा केली आहे. बॅट आणि बेट, हॉल आणि हाल हे फरक आपण लिहूनही दाखवतो. ॲ आणि ऑ या स्वरांना २००९ सालच्या शासन निर्णयाने मराठी वर्णमालेत अधिकृत स्थान मिळाले. इंग्रजीतला सर्वांत जास्त वापरला जाणारा स्वर म्हणजे 'अबाउट', 'अगो' या शब्दांच्या आरंभीचा अस्पष्ट स्वर, आणि तो आपल्या 'अ'च्या अगदी शेजारचा आहे. व्ही आणि डब्ल्यू या दोन अक्षरांचे ध्वनी भारतातल्या अनेक भाषांच्या लेखनात एकाच 'व'ने दाखवले जातात. मराठीत मात्र आपण व्हॅन लिहितो आणि वॉटर लिहितो. म्हणजे या दोन ध्वनींत फरक आहे, याची जाण आपल्या लेखनातच रुजलेली आहे. उरते ते ओठांचे काम.

त्यासाठी मी मुलींना पावडरच्या डबीतला लहान आरसा आणायला सांगते. आरशात पाहत 'व्हेस्ट' म्हणायचे: वरचे दात खालच्या ओठाला हलकेच टेकले पाहिजेत आणि ओठाला बारीक गुदगुली झाली पाहिजे. मग 'वेस्ट' म्हणायचे: इथे दात दिसता कामा नयेत, ओठ शिटी वाजवताना होतात तसे गोल होऊन मग उघडले पाहिजेत. पहिल्यांदा सगळ्या हसतात, एकमेकींच्या आरशात डोकावतात. मग हळूहळू वर्ग शांत होतो आणि प्रत्येक जण आपल्याच ओठांकडे टक लावून पाहू लागते. आठवीतली एक मुलगी, जी उत्तर द्यायला कधी उभी राहत नसे, ती खालचा ओठ बोटाने दातांपाशी नेऊन 'व्ह' सोडून पाहत होती. तो ध्वनी नीट आला तेव्हा तिने मान वर केली आणि कुणीही न सांगता 'व्हेरी वेल' असे दोन्ही ध्वनींचे शब्द जोडून म्हणून दाखवले. ही जोडी मी शिकवली नव्हती.

आपल्या भागाच्या बोलीतून येणाऱ्या काही अडचणीही आहेत आणि त्यांचे निदान नेमके करता येते. आमच्याकडे 'एक'चा 'येक' होतो, 'ओठ'चा 'वठ' होतो. शब्दाच्या आरंभीच्या 'ए'पुढे 'य' आणि 'ओ'पुढे 'व' आपोआप येऊन बसतो. म्हणून एसटीची यस्टी होते, 'एक्झाम'चे 'यक्झाम' आणि 'ओन्ली'चे 'वोन्ली' होते. मराठीत हे शोभून दिसते. इंग्रजीत मात्र 'इअर' म्हणजे कान आणि 'यिअर' म्हणजे वर्ष हे दोन शब्द केवळ त्या 'य'वर वेगळे होतात, आणि आपण दोन्हींना 'इयर' म्हणून मोकळे होतो. दुसरी अडचण ऱ्हस्व-दीर्घाची. 'दिन' आणि 'दीन' आपण वेगळे लिहितो, बोलताना फरक करत नाही. म्हणून 'लिव्ह' आणि 'लीव्ह', 'फुल' आणि 'फूल', 'शिप' आणि 'शीप' एकसारखे होतात. 'आय लिव्ह इन उदगीर' म्हणजे मी उदगीरला राहते. 'लिव्ह' लांबला की राहण्याच्या जागी सोडून जाणे ऐकू येते. इथे फक्त लांबी वाढवून भागत नाही, दीर्घ स्वराला ओठ किंचित ताणले जातात आणि जीभ वर जाते, हे दाखवावे लागते. तिसरी अडचण भूतकाळाची. 'आस्क', 'वर्क', 'स्टॉप' यांच्या भूतकाळात शेवटी फक्त 'ट' येतो: आस्क्ट, वर्क्ट, स्टॉप्ट. स्पेलिंगमध्ये ई आणि डी दिसतात म्हणून मुले 'आस्केड' म्हणतात. जीभ मराठी असण्याशी याचा संबंध नाही. डोळ्याने शिकल्याचा हा परिणाम आहे. इंग्रजीत अक्षरे २६ आणि ब्रिटिश प्रमाण उच्चारातले ध्वनी सुमारे ४४. जिथे लिहिले तसे म्हणायचे असते, अशा देवनागरीतून आलेल्या मुलाला हे कुणीतरी पहिल्याच वर्षी सांगायला हवे.

शिवाय आमच्या सीमाभागातली मुले मुळात एकभाषक नसतात. उदगीरच्या बाजारात मराठी, कानडी, दखनी उर्दू आणि तेलुगू एकाच दुकानात ऐकू येतात. देगलूर-बिलोलीकडे तेलुगूचा वावर आहे, तांड्यावरची मुले घरी गोरमाटी बोलून शाळेत मराठी बोलतात. उर्दू घरातून आलेली मुले 'ज़रा'तला ध्वनी जन्मापासून काढतात. 'झू' आणि 'झिरो' या शब्दांसाठी तोच लागतो, आणि वर्गात तो इतरांना शिकवायला मी त्यांनाच पुढे बोलावते. अशा मुलांचा कान मंद आहे असे कुणी म्हणू नये.

काही गोष्टींचा बाऊ करू नये, हेही तितकेच महत्त्वाचे आहे. 'थ्री' म्हणताना जीभ दातांबाहेर काढून फुंकर घालण्याचा सराव अनेक वर्गांत चालतो. आपला 'थ' वापरला तरी 'थ्री' आणि 'ट्री' वेगळे राहतात आणि काम अडत नाही. विमानतळाचे नियंत्रक आणि वैमानिक यांच्या आंतरराष्ट्रीय संभाषण पद्धतीत तर तीनचा उच्चार 'ट्री' असाच ठरवलेला आहे, पाचचा 'फाइफ' आणि नऊचा 'नाइनर', कारण खरखरणाऱ्या रेडिओवर आकडा स्पष्ट कळणे महत्त्वाचे. १२ नोव्हेंबर १९९६ रोजी हरियाणात चरखी दादरीजवळ दोन विमाने आकाशात धडकून ३४९ माणसे गेली. कझाक विमान नेमून दिलेल्या उंचीच्या खाली उतरले होते आणि त्यामागच्या कारणांत त्या चमूच्या अपुऱ्या इंग्रजीचाही विचार झाला. पुढे आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने भाषेच्या पात्रतेचे नियम केले आणि ते २००८ पासून लागू झाले. त्यात उच्चार ही स्वतंत्र कसोटी आहे. वैमानिकाने ब्रिटिश किंवा अमेरिकन ढंगात बोलावे अशी अट मात्र त्यात नाही. मातृभाषेचा प्रभाव चालतो, समजण्यात त्याचा फारसा अडथळा येता कामा नये एवढेच. जिथे शेकडो जीव एका वाक्यावर अवलंबून असतात, तिथेही हेल मान्य आहे.

म्हणून 'अमेरिकन ॲक्सेंट शिका' अशा पाट्या लातूर-संभाजीनगरच्या रस्त्यांवर दिसतात तेव्हा मला वाईट वाटते. शेतकऱ्याच्या मुलाने उसनवारीने भरलेल्या फीच्या बदल्यात त्याला 'वॉटर'ऐवजी 'वॉडर' म्हणायला आणि 'र' घोळवायला शिकवले जाते, आणि 'सर्टिफिकेट' या शब्दात जोर 'टि'वर आहे हे कुणीच सांगत नाही. कॅनडातले संशोधक मरे मन्रो आणि ट्रेसी डर्विंग यांनी १९९५ मध्ये दाखवून दिले की बोलण्यात परका हेल ठळकपणे जाणवत असला तरी ते बोलणे पूर्णपणे समजू शकते. हेल असणे आणि समजणे या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. परदेशी शिक्षणासाठी लागणाऱ्या आयएल्ट्स परीक्षेच्या बोलण्याच्या भागात उच्चाराला चारपैकी एका निकषाचे पूर्ण वजन आहे, आणि तिथेही पाहिले जाते ते बोलणे किती सहज समजते हेच. कृत्रिम ढंगाचा आणखी एक तोटा असा की तो टिकत नाही. मुलाखतीत अवघड प्रश्न आला की घोळवलेला 'र' गळून पडतो आणि बोलणाऱ्याचा धीरही त्याच्याबरोबर जातो. आपल्या हेलात, योग्य आघाताने बोलणाऱ्याला सांभाळावे लागेल असे काही नसते.

परिचारिकेचे शिक्षण घेणाऱ्या मुली आमच्या भागात पुष्कळ आहेत. त्यांच्यासाठी 'फिफ्टीन' आणि 'फिफ्टी' हा फरक मी वेगळा घोटून घेते. पंधराचा जोर शेवटी आणि 'टीन' लांब, पन्नासचा जोर आधी आणि 'टी' आखूड. औषधाची मात्रा फोनवरून सांगितली जात असेल तर एवढ्यावरही विसंबू नये. 'वन फाइव्ह' किंवा 'फाइव्ह झिरो' असे आकडे सुटे सांगून खात्री करावी.

शिक्षकांनी हे सारे कुठून आणायचे, हा प्रश्न रास्त आहे, कारण बहुतेकांना उच्चाराचे प्रशिक्षण मिळालेलेच नसते. पण आज ऑक्सफर्ड आणि केंब्रिज यांचे शब्दकोश मोबाइलवर फुकट पाहता येतात आणि प्रत्येक शब्दापुढे ब्रिटिश व अमेरिकन दोन्ही उच्चार ऐकता येतात. तिथे शब्दाच्या ध्वनिलेखनात एक बारीक उभी रेघ असते. ती ज्या अक्षराच्या आधी आहे त्यावर आघात. ही रेघ ओळखायला शिकवणे हा एका तासाचा विषय आहे. मुले गाईडमध्ये किंवा पुस्तकात इंग्रजी ओळीच्या वर देवनागरीत उच्चार लिहितात, त्याला अनेक शिक्षक हरकत घेतात. मी घेत नाही. फक्त ते लिहिलेले ऐकून लिहिलेले असावे आणि जोराचे अक्षर अधोरेखित असावे, एवढा माझा आग्रह असतो. मग वाचताना त्या अक्षरावर बाकावर थाप द्यायची. तीस-चाळीस मुले एकाच वेळी 'इंजिनिअर'च्या शेवटी थाप देतात तेव्हा तो शब्द पुन्हा शिकवावा लागत नाही. घरी मोबाइलवर दोन ओळींचे वाक्य ऐकावे, लगेच त्याच्या मागोमाग म्हणावे, स्वतःचा आवाज रेकॉर्ड करून मूळ आवाजाशेजारी ठेवून ऐकावा. रोज दहा मिनिटे पुरतात.

वर्गात कुणाच्या उच्चाराला हसायचे नाही, हा नियम मात्र मी अतिशय कडकपणे पाळायला लावते. चुकीच्या उच्चाराने बोलणारे मूल सुधारते. हसे झाल्यामुळे गप्प बसलेले मूल पुढे कॉलेजमध्येही मागच्या बाकावर गप्पच राहते, आणि त्यांत मुलींची संख्या मोठी असते. दुरुस्ती करायची ती वाक्य पूर्ण झाल्यावर, एका वेळी एकाच शब्दाची, आणि तो शब्द सगळ्या वर्गाने मिळून म्हणायचा.

इंग्रजी शब्द इंग्रजीच्या आघाताने म्हणावेत असे मी सांगते, स्वतःच्या नावाबाबत मात्र माझा आग्रह याच्या उलट आहे. इंग्रजी बोलू लागलेली मुले 'नांदेड'चे 'नॅन्डेड' आणि 'परभणी'चे 'परबॅनी' करतात, आडनावातला 'ळ' सोडून देतात, जणू इंग्रजी वाक्यात मराठी नाव नीट म्हणणे असभ्यपणाचे आहे. नाव आपले आहे आणि ते इंग्रजी वाक्यातही ठणठणीत मराठीच राहिले पाहिजे, 'ण' आणि 'ळ' शाबूत ठेवून. ते एकदा सावकाश म्हणावे आणि मग स्पेलिंग सांगावे. फोनवर स्पेलिंग सांगताना एम आणि एन, बी आणि डी यांचा घोळ हमखास होतो, म्हणून मी नववीच्या वर्गाला वैमानिकांचीच आंतरराष्ट्रीय अक्षरमाला शिकवते: एमसाठी माइक, एनसाठी नोव्हेंबर, बीसाठी ब्राव्हो, डीसाठी डेल्टा. दिवाळीच्या सुटीपर्यंत प्रत्येकाला आपले आडनाव आणि गावाचे नाव या पद्धतीने न अडखळता सांगता आले पाहिजे, आणि ऐकणाऱ्याने ते फळ्यावर बिनचूक लिहून दाखवले पाहिजे. यंदाच्या तोंडी परीक्षेतले काही गुण मी त्यासाठीच राखून ठेवले आहेत.